वाळूच्या दांड्यावर दोघी

मुळशी,
२४ नोव्हेंबर २०२५

फरे,

तू जिवंत आहेस असं गृहीत धरून लिहिते आहे. नसशील तर तुझ्या लेकाने, रईसने, हे पत्र न वाचता परत पाठवावं.

फोन का केला नाही असं विचारू नकोस. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात बसून मी लोकांचे ट्रंक कॉल जोडले. माणूस फोनवर किती खोटं बोलतो हे माझ्याइतकं कुणी ऐकलेलं नाही. आणि तुझा व्हॉट्सअ‍ॅप आधी तुझी सून वाचते, मग नात वाचते, आणि सगळ्यांचं हसून झालं की तू वाचतेस. पत्र बरं. पाकीट फोडायला निदान थोडी लाज तरी लागते.

आता मुद्दा. आमचा शेखर, वय त्रेचाळीस, हिंजवडीत संगणकासमोर बसून दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो. शनिवार-रविवारी तोच धंदा माझ्या घरी येऊन फुकट करतो. ऑगस्टमध्ये न्हाणीघरात माझा पाय जरा घसरला. जरा! तेव्हापासून 'माझ्याजवळ नांद्याला राहायला चल' असा त्याने धोशा लावला आहे. त्याच्या इमारतीत, त्याच्याच मजल्यावर एक फ्लॅट आहे. त्याच्या खिडकीतून काय दिसतं? दुसऱ्या इमारतीची खिडकी. भाताची खाचरं बुजवून ती इमारत बांधली आणि नाव ठेवलं 'शिवार'. मारलेल्याचाच फोटो भिंतीवर लावायचा, तसं.

माझ्या खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. रोज सकाळी मी त्यात कयाक घेऊन जाते, हे तुला माहीत आहेच. ती लांबोडकी प्लास्टिकची होडी, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची. शेजारच्या हैबतरावांनी पुण्याच्या पर्यटकांसाठी आणल्या. रंग असा की मासे आंधळे व्हावेत. दोन वर्षांत मी एकदाही पालथी झालेले नाही. पर्यटक दर शनिवारी होतात.

तर परवा मी शेखरला म्हटलं, "मी स्वतःला सांभाळू शकते. हवं तर फरहतच्या खाडीवर जाऊन दोन रात्री तंबूत राहीन, कयाक चालवीन, मासे पकडीन आणि धड परत येईन." तो हसला. फरे, मी त्याला शी-शू शिकवली आहे, आणि तो हसला.

मग भांडण झालं, आणि भांडणाअखेरीस त्याने कागदावर लिहून दिलं: मला सोडवायला कुणाला यावं लागलं नाही, तर नांद्याचं नाव तो जन्मात काढणार नाही. यावं लागलं, तर एकतीस मार्चच्या आत मी घर बंद करून 'शिवार'मध्ये. मीही सही केली. रागात सही चांगली येते.

तेव्हा योजना कर. तुझं खाडीचं पाणी मला ठाऊक नाही. तू त्यात जन्मलीस.

तुझी,
आशालता


तिवरबंदर, जि. रायगड
३ डिसेंबर २०२५

आशे,

जिवंत आहे. पाकीट मात्र सुनेने फोडलं, आणि लाज वाटल्याची काही चिन्हं दिसली नाहीत. 'शी-शू शिकवली' हे वाक्य तिने आल्यागेल्याला वाचून दाखवलं.

तू अडुसष्टाव्या वर्षी पैजा लावतेस. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना म्हणायची, ही मुलगी एक दिवस जिभेने फासावर जाईल. ये तर खरी. घरामागे आमची माडांची वाडी आहे, तिथे तंबू ठोकू. पण माडाखाली नाही, दोन माडांच्या मधे. डोक्यात नारळ पडून गेलीस तर शेखर म्हणेल पैज जिंकलो.

आता नीट ऐक. खाडी म्हणजे धरण नव्हे. इथे पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. कधी, ते तिथीवर. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. येईल तो भरती पूर्ण होण्याचा तास. आमच्या ताजुद्दीनने, अल्ला त्याला जन्नत देवो, चाळीस वर्षं याच हिशेबावर खाडीपलीकडे माणसं नेणारी तर चालवली. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, तेव्हा पाणी माणसाचं ऐकत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याला जोर कमी. तुला ती. ११ जानेवारीला रविवारी अष्टमी आहे. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी, संध्याकाळी पुन्हा सहाला भरती.

उतरत्या पाण्याबरोबर खाडीच्या तोंडाकडे जायचं, चढत्या पाण्याबरोबर घरी यायचं. वल्हं फक्त शोभेला. चारनंतर समुद्राकडून वारं सुटतं, त्याआधी परत. खाडीच्या मधोमध ओहोटीला वाळूचा एक दांडा उघडा पडतो, त्यावर बसून बोय मासे गळाला छान लागतात. चिखलात पाय घालायचा नाही, मांडीपर्यंत जातो. आणि लाइफ जॅकेट दोघींनीही घालायचं, काठावरून निघाल्यापासून काठावर येईपर्यंत. मला गरज नाही, पण तुला एकटीला घालायची लाज वाटू नये म्हणून मीही घालीन.

तुझ्या पायाचं खरं काय ते लिही.

फरहत


मुळशी,
१२ डिसेंबर २०२५

फरे,

पाय बरा आहे. विषय बदलू नकोस.

मला तिथी कळत नाहीत. सिस्टर फिलोमिनाने संतांचे वाढदिवस पाठ करून घेतले, अष्टमी कशाशी खातात ते सांगितलं नाही. म्हणून हैबतरावांकडे कॅलेंडर बघायला गेले. ते म्हणाले, "बाई, अष्टमी हाय खरी. पन मासं धरायला तिथी कशाला? आमी तर भूक लागली की जातो." सारजाबाई आतून ओरडल्या, "आन् मोकळ्या हातानं येता!" हा त्यांचा संसार. मला फार आवडतो.

हैबतराव दर शनिवारी पिकअप घेऊन ताम्हिणी घाटाने माणगावला पेंढा आणायला जातात. दहा तारखेला ते मला आणि त्यांची दोन माणसांची कयाक तुझ्याकडे सोडतील, सोमवारी परत नेतील. रंग शेंदरी आहे. तुझी खाडी दचकेल.

शेखरने यादी पाठवली आहे. अकरा कलमं. त्यातलं चौथं कलम: 'आईने उभं राहायचं नाही.' पुढे काही नाही. कुठे, केव्हा, किती वेळ? मी विचारलं, तंबूत रांगत जायचं का? तर म्हणाला, "आई, तुला कळलंय मला काय म्हणायचंय." नववं कलम: दोघींच्या गळ्यात शिटी. ती मी मान्य केली, कारण शिटी वाजवायचा प्रसंग येणारच नाही.

माझेही काही प्रश्न आहेत. प्यायचं पाणी किती? आमिष कुठलं, मी इथे कणकेच्या गोळीवर कटला धरते. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा की घरीच? ऊन लागलं तर सावली कुठे? दांड्यावर किती वेळ थांबायचं?

आमच्या पाण्याला असली नाटकं नाहीत. पावसाळ्यात भरतं, मग दिवाळीनंतर रोज बोटभर बोटभर उतरत जातं. आज सकाळी होडी काठाला लावली तर उद्या ती पाण्यापासून आणखी हातभर लांब. दोन वर्षांत एकदाही होडीने मला 'मी चालले' म्हटलेलं नाही.

आशालता


तिवरबंदर,
२२ डिसेंबर २०२५

आशे,

उत्तरं. पाणी माणशी तीन लिटर. कणीक तुझ्या कटल्यांना घाल, आमच्या बोयींना ताजी कोळंबी आणि वर थोडी खुशामत लागते. मोबाइल पिशवीत, पिशवी डब्यात, डबा होडीत. सावलीला माझी काळी छत्री. दांड्यावर अकराला पोचू, दीडला निघू. रईसला वेळ सांगून ठेवते. पाचपर्यंत दिसलो नाही तर त्याने लाँच काढायची. वाटेत तिवरांच्या झुडपांत शिरायचं नाही. नदीच्या वरच्या अंगाला पाऊस झाला तर बेत रद्द, पण जानेवारीत कुठला पाऊस. गळ टाकताना मागे बघायचं, माझा कान एकच चांगला उरला आहे. झालं. आणखी काय लिहू? खाडीवर जायला एवढं कुणी लिहून दिलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या शेखरने मला फोन केला होता. अर्धा तास बोलला. 'पाय जरा घसरला' म्हणे! आशे, तू चार तास न्हाणीघराच्या फरशीवर पडून होतीस. आणि शेखरला पडण्याचं इतकं वाटत नाही, पडतो माणूस. भिंतीपलीकडे सारजाबाई भांडी घासत होती, तुला भांड्यांचा आवाज येत होता, आणि तू हाक मारली नाहीस. 'ओल्या परकरात तिच्यासमोर कशाला' म्हणून. ती दूध मागायला आली नसती तर?

तो म्हणाला, "फरहतमावशी, आई मरेल पण हाक मारणार नाही. मला दुसऱ्या कशाचीच भीती नाही."

मी तुझी बाजू घेतली नाही. जमलं नाही.

फरहत


मुळशी,
२ जानेवारी २०२६

फरहत,

ओला परकर तुझ्या अंगावर नव्हता.

दहा तारखेला दुपारी पोचते. जेवायला काय ते तू ठरव.

आ.


मुळशी,
१६ जानेवारी २०२६

फरहत,

सोमवारी आपण एकमेकींशी न बोलता निरोप घेतला. हैबतरावांनी पूर्ण घाटात मला काही विचारलं नाही, म्हणजे त्यांना सगळं कळलेलं आहे. पिंपाच्या वळणावर एवढंच म्हणाले, "कयाकला वरखडा बी न्हाई बगा." बाईंना किती वरखडे, ते विचारायची हिंमत झाली नाही.

मी आज हे सगळं क्रमाने लिहून काढणार आहे. तू नंतर फिरवून सांगशील, मला तू माहीत आहेस.

शनिवार उत्तम गेला. तंबू मी ठोकला, तू सूचना दिल्यास. रविवारी साडेनऊला निघालो. पाणी आपल्याला नेत होतं. अकराला दांड्यावर. मी उतरले, कयाक दोन हात वाळूवर ओढली आणि सोडली. दोन वर्षं मी रोज हेच करते. पाणी उतरत होतं, माझ्या डोळ्यांसमोर वाळू रुंद होत होती, अगदी आमच्या धरणासारखी. तू छत्री उघडलीस. बारापर्यंत मी सात बोयी धरल्या, तू दोन. साडेबाराला तुझा डोळा लागला. मी आठवीच्या मागे होते.

सव्वा वाजता मी मागे वळले तर वाळूवर होडी नव्हती. खाडीत, पन्नासएक हातांवर, एक शेंदरी ठिपका. पाणी, वल्ही, मोबाइल, डबा, सगळं घेऊन ती तुझ्या घराच्या दिशेने निघालेली. भरती सुरू झाल्यावर एकटीच ठरल्या वेळी घरी चाललेली!

मी तुला हलवलं. तू पाहिलंस आणि पहिला शब्द काय काढलास? "बांधली नव्हतीस?"

फरहत बेगम, दोन पत्रं! तिथी, पाऊणपट, उधाण, भांग, वारं, चिखल, नारळ, तुझा कान! त्यात 'होडी बांध' हे दोन शब्द कुठे आहेत? मी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. नाहीत. तू म्हणालीस, "हे काय लिहायचं असतं? श्वास घे असंही लिहायचं का?" हो, लिहायचं! आमच्याकडे पाणी परत वर येत नाही! आम्ही होडी कशाला बांधू? कुठल्याही अडाणी धरणवाल्या बाईला सांगितलं असतंस तर...

असो. मी शांत होते आहे.

होडी लांब नव्हती. अंगात जॅकेट होतं, मी अजून पन्नास हात सहज पोहते, सत्तर पोहते. मी बूट काढले. म्हटलं, "चल. नाहीतर तू थांब, मी घेऊन येते." आणि तू माझा हात धरलास. तुझा हात मी साठ वर्षांत कधी इतका गार पाहिला नाही. तू म्हणालीस, "आशे, मला पोहता येत नाही."

खाडीवर जन्मलेली! तरवाल्याची बायको! तुला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. मासोळीला कोण विचारतं?

म्हटलं, जॅकेट आहे ना. तर तू म्हणालीस, "जॅकेट आहे, पण धीर नाही." पाणी तोवर आपल्या घोट्याला आलं होतं. दांडा पाटाएवढा उरला होता. मी होडीकडे पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं. मी गेले असते तर अर्ध्या तासात होडी घेऊन आले असते, कुणाला कळलं नसतं आणि घर राहिलं असतं. आणि तो अर्धा तास तू एकटी उभी राहिली असतीस, पाणी वर येताना बघत.

तू शिटी तोंडात घातलीस. कवळी बाहेर आली, शिटी वाजली नाही. मग मी वाजवली. किती वेळ वाजवली ते आठवत नाही.

आणि तो तुमच्या गावचा कुशाबा! होडीतून खेकडे धरायला निघालेला, सावकाश, बिडी ओढत. "काय गे बायांनो," म्हणाला, "भरतीला बोलवायला शिटी लागत नाही, ती आपली आपण येते." त्याने तुला काखेत धरून होडीत घातलं, खेकड्यांच्या टोपलीशेजारी. मला म्हणाला, "या आजी, तुम्ही पण." आजी! त्याला सत्तरीच्या पुढे चार वर्षं झाली असतील.

आता खरा राग कशाचा ते सांगते. रात्री शेखरचा फोन तुझ्या फोनवर आला आणि तू त्याला म्हणालीस, "सगळं छान, आशा राणीसारखी वल्हवत होती." मी समोर बसून ऐकलं. लोक खोटं बोलायचे तेव्हा मी ऐकत असे, जोडणी तोडत नसे. ते माझं घर नव्हतं. पण हे माझं घर आहे. खोट्यावर ठेवलेल्या घरात मला झोप लागायची नाही.

काल मी शेखरला फोन केला. सांगितलं, होडी मी बांधली नाही, वाहून गेली, शिटी वाजवली, एक माणूस आला. हरले. तो म्हणाला, "बरं." तुझ्या पोहण्याबद्दल मी अक्षर बोलले नाही. ते माझं नव्हे सांगायचं.

कपबश्या कागदात गुंडाळायला घेतल्या आहेत. बारा होत्या, अकरा आहेत. एक रागात फुटली.

आशालता


तिवरबंदर,
२४ जानेवारी २०२६

आशे,

तुझं पत्र या वेळी सुनेच्या आधी मीच फोडलं. तीनदा वाचलं. मग सुनेला, नातीला आणि रईसला मोठ्याने वाचून दाखवलं. पोहण्याचा भागसुद्धा. विशेषतः तोच.

रईस आधी हसला. मग म्हणाला, "अम्मी, वीस वर्षं तू मला काठावरून ओरडतेस, 'लांब जाऊ नकोस, बुडशील', आणि तुला स्वतःला..."

तुला सांगते, कारण तू विचारलं नाहीस. लहानपणी मुलींना पाण्यात जाऊ देत नसत. नवव्या वर्षी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात आले, तिथे पाणी बादलीत होतं. मग लग्न झालं ते तरवाल्याच्या घरी. पहिल्या दिवशी सासू म्हणाली, "खाडीचीच पोर आणली, बरं झालं." आता त्या घरात कोणत्या तोंडाने म्हणू, मला पोहता येत नाही? पहिलं वर्ष लाज वाटली. दुसऱ्या वर्षी उशीर झाला असं वाटलं. मग सगळ्यांना पाण्याचं शहाणपण शिकवायला लागले. ज्याला येत नाही तोच नीट शिकवतो. ताजुद्दीनलाही कधी कळलं नाही. चाळीस वर्षं मी त्याच्या लाँचमध्ये मधोमध बसले, तो समजायचा मला त्याची ओढ आहे.

होडी बांधायचं मी लिहिलं नाही, ती चूक माझी. कबूल. आमच्याकडे पोर चालायला लागतं तेव्हा आधी दोरीची गाठ शिकतं. गाठ शिकवावी लागते हेच विसरले होते. आठ बोयी धरणारीने मागे वळून बघायला हवं होतं, ती चूक तुझी. तू म्हणशील सात. मी झोपेत मोजत होते.

शेखरशी मी खोटं बोलले. त्याबद्दल माफी मागते, पण तुझी नाही, त्याची. त्याला पत्र लिहिलं आहे. मराठीत, शाईने, सहीनिशी. काय लिहिलं ते सांगते.

मी लिहिलं, बाळा, तुझी आई पोहून होडी आणू शकत होती. तिने बूट काढलेसुद्धा होते. तिला सोडवायची गरजच नव्हती, गरज मला होती. तुझा कागद काय म्हणतो ते तू बघ, मला कायदा कळत नाही. पण तू मला फोनवर म्हणाला होतास की आई मरेल पण हाक मारणार नाही. तर तुला कळवते, की मी तिच्या शेजारी उभी होते. तिला माहीत होतं की शिटी वाजवली की घर गेलं. मी तिला ते कागदावरचं घर बघताना बघितलं, फार तर दोन श्वास. मग तिने शिटी अशी वाजवली, की पलीकडच्या गावातले लोक दारात आले.

एवढंच. आता तो काय करायचं ते करो. कपबश्या मात्र जरा हळू गुंडाळ.

फरहत


मुळशी,
५ फेब्रुवारी २०२६

फरे,

शेखर रविवारी आला. सुनेला, गौतमीला घेऊन. तुझं पत्र खिशात. मी खोके दाखवले, म्हटलं, "भांडी झाली, पुस्तकं राहिलीत." तो खोक्यावर बसला. त्यात काचेची बरणी होती. आता नाही.

आधी तो कागदावर आला. म्हणाला, "फरहतमावशींचा मुद्दा बरोबर नाही. सोडवायला माणूस आला, म्हणजे अट मोडली." मी म्हटलं, बरोबर, मी हरले, वकिली करायची नाही. गौतमी म्हणाली, "अहो, तुम्ही हे सांगायला पेट्रोल जाळलंत?"

मग तो मला म्हणाला, "आई, शिटी तूच वाजवलीस?"

मी म्हटलं, "फरहतची कवळी निघाली, दुसरं कोण वाजवणार?"

"आधी वाजवलीस, की पाणी कमरेला आल्यावर?"

"घोट्याला."

तो उठला, न्हाणीघरात गेला. मला वाटलं रडतो आहे, म्हणून मी दारापर्यंत गेले. तो टेप लावून भिंत मोजत होता. पुढच्या आठवड्यात तिथे दोन स्टीलच्या दांड्या बसणार आहेत, धरायला. मी विरोध केला नाही. फरशी खरंच निसरडी आहे. हे तुला पत्रात सांगते आहे, फोनवर कुणी विचारलं तर नाकारीन.

निघताना गाडीत बसून म्हणाला, "तो एजंट फ्लॅटसाठी रोज फोन करतोय. दुसऱ्या कुणाला द्यायला सांगू का?" असं विचारलं, जसं काही कोथिंबीर आणू का. मी म्हटलं, "दे बाबा, कुणाचं तरी भलं होऊ दे." गौतमीने काच वर केली. ती हसत होती असा मला संशय आहे.

सगळे खोके पुन्हा सोडले. सारजाबाई मदतीला आल्या. मी हाक मारली म्हणून आल्या. "बाई, तुमी हाक मारली व्हय? मला वाटलं रेडिओ लागलाय," म्हणाल्या. त्यांना माझा मोठा आवाज माहीतच नव्हता.

आता तुझं. तू आयुष्यभर त्या लाँचच्या मधोमध बसलीस, हे वाचून मी हसले. मग दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसले नाही. म्हणून ठरवलं आहे: मार्चच्या पहिल्या आठवड्यात तू इथे यायचं. पंधरा दिवस. आमचं पाणी तेव्हा उतरलेलं असतं, काठाला छातीएवढं खोल, सपाट, खाली कडक माती. मी तुला पोहायला शिकवणार. हैबतरावांना सांगितलं तर म्हणाले, "खाडीच्या बाईला आमी पवायला शिकवायचं? लई झालं!" आणि लगेच गावभर सांगायला गेले. तेव्हा लपूनछपून होणार नाही. काठावर बायका डबे घेऊन बसतील. बसू देत. तुझ्या खाडीत त्या कुशाबाची आजी कोण झालं? मी झाले. आता तुझी पाळी.

सलवार-कमीज घालून ये, ओढणी घरी ठेव. कवळीसाठी डबी आण. रईस सोडायला येत असेल तर त्याला काठावर थांबू द्यायचं नाही, तो वीस वर्षांचा हिशेब तिथेच चुकता करेल.

पहिला धडा आत्ताच सांगते, म्हणजे तिथे वेळ जाणार नाही. तोंड पाण्यात घालायचं, श्वास हळूहळू सोडायचा, आणि तोंड पाण्यात असेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बाकीचं सोपं आहे. तुला हेच जड जाईल.

आशा